वरचा दुधाचा, खालचा मांसाचा

तांब्याच्या तारेला पाच पीळ होते आणि ते डावीकडे वळलेले होते. मी तीन पीळ देते, उजवीकडे, पक्कडीने, आणि टोकं कापून आत दुमडते, म्हणजे जाळी ओढताना कुणाचं बोट फाटत नाही. इथे टोकं बाहेर होती. एक साधारण चार मिलिमीटर, दुसरं नऊ. पिळाच्या आतल्या बाजूला तांबं लखलखीत होतं. अकरा वर्षं ओव्हनमध्ये तापलेलं तांबं काळं पडलेलं असतं.

मी जाळी टेबलावर ठेवली.

“बघितलीस?” एस्टी म्हणाली. “तांब्याची तार म्हणजे दुधाची जाळी. खरं की नाही? तारा तूच लावल्यास. मग दुधाची जाळी खालच्या ओव्हनमध्ये काय करत होती, विडा?”

तिने कोट काढला नव्हता. गाडीच्या किल्ल्या हातातच होत्या आणि त्या ती या बोटावरून त्या बोटावर फिरवत होती. तिच्या आई, ब्लूमा वाइसफेल्ड, खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसत होत्या.

भिंतीत एकावर एक बसवलेले ते दोन ओव्हन घर बांधलं तेव्हाचे, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. वरच्यात दुधाचे पदार्थ, खालच्यात मांसाचे; दूध आणि मांस एकत्र आलं की ते अन्न या घरात अन्न राहत नाही. क्लीव्हलंड हाइट्सच्या या गल्ल्यांमध्ये अशी चाळीसेक घरं मी सांभाळते. हल्लीचे ओव्हन भिंतीतल्या त्या चोवीस इंची खणात बसत नाहीत. बसवायचे तर फळ्या कापाव्या लागतात, मग लादी, मग सगळं स्वयंपाकघर. म्हणून लोक मला बोलावतात. मी ज्यू नाही. माझे आजोबा स्लोव्हेनियाहून इथल्या पोलाद कारखान्यात आले. मी रसायनशास्त्र शिकले, बारा वर्षं एका प्रयोगशाळेत तापमापकं तपासली, ती प्रयोगशाळा बंद पडली, आणि तेव्हापासून ओव्हन दुरुस्त करते. एका घरातून दुसऱ्या घरात माझं नाव गेलं ते एवढ्याचसाठी, की मी दूध आणि मांस यांची गल्लत करत नाही. दोन्ही जाळ्या हुबेहूब एकसारख्या असतात, म्हणून प्रत्येक घरी दुधाच्या जाळीला तांब्याची तार आणि मांसाच्या जाळीला स्टीलची, अशी मीच खूण करून ठेवते.

“तीन आठवड्यांपूर्वी तू आलीस, दोन्ही जाळ्या बाहेर काढल्यास,” एस्टी म्हणाली. “परवा, बुधवारी, मी खालचा ओव्हन उघडला तर जाळीवर चीज जळून बसलेलं. मांसाच्या ओव्हनमध्ये चीज! माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी ममाला म्हटलं, हे काय? ती काही बोलेचना. मग काल सकाळी तिनेच तार बघितली. म्हणजे जाळी वरची, त्यावरचं चीज जुनं, आणि तू ती खाली घातलीस. तीन आठवडे आम्ही सगळे इथे जेवलो, विडा.”

“एस्टी, हळू,” ब्लूमा मागे न वळता म्हणाल्या.

“हळूच बोलतेय.”

“शेजारचा अंगणातली पडलेली पानं यंत्राने उडवतोय, त्याचा आवाज कमी येतोय तुझ्यापेक्षा.”

मी माझी वही उघडली. चार नोव्हेंबर. ‘वाइसफेल्ड. खालचा हीटर बदलला. दोन्ही जाळ्या बाहेर. ३५० फॅरनहाइटवर ठेवून मोजलं: वर ३४८, खाली ३५३.’ कुठली जाळी कुठे ठेवली ते लिहिलेलं नव्हतं. तारा लावल्याच होत्या त्या ते लिहावं लागू नये म्हणून. माणसाचा हात चुकतो. त्या दिवशी दुपारी मला आणखी दोन घरी जायचं होतं, मी घाईत होते. पुन्हा जाळीकडे बघितलं. पाच पीळ, डावीकडे.

“रब्बी लँडाऊंना विचारलं,” एस्टी सांगत होती. रब्बी म्हणजे त्यांचे धर्मगुरू. “दोन्ही ओव्हन मंगळवारपासून बंद आहेत, काल घासूनपुसून घेतलेत. आता दोन्ही जाळ्यांसकट तासतासभर सगळ्यात जास्त आचेवर तापवायचे, पाचशेच्या वर. मग वापरता येतील. पण खालचा साडेचारशेच्या वर चढतच नाही. मी पहाटे जाळी बाहेर काढून रिकामाच लावून बघितला. आज दिवे चार एक्केचाळीसला लावायचे. त्याआधी खालच्यात चोलंट शिजत ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर उद्या अकरा माणसं थंड जेवतील.”

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की ओव्हनच्या बटणाला हात लावत नाहीत; चोलंट, म्हणजे मांस, बीन्स आणि बटाट्यांचा रस्सा, रात्रभर मंद आचेवर आतच शिजत राहतं. घड्याळात नऊ वीस झाले होते.

“होईल,” मी म्हणाले.

“मी मासे आणि पाव घेऊन एकपर्यंत येते.” ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “मला वाईट वाटतंय, विडा. खरंच. पण मला हे बायकांच्या ग्रुपवर लिहावं लागेल. तू ज्यांच्या ज्यांच्या घरी गेली आहेस त्यांना आपापल्या जाळ्या बघू देत. लपवणं बरोबर नाही.”

“लिही,” मी म्हणाले. “पण एकनंतर लिही. आधी मला ओव्हन उघडू दे.”

तिने मान हलवली आणि गेली. तो मजकूर गेला की काय होईल ते मला ठाऊक होतं. कोणी भांडणार नाही. फक्त फोन येणं बंद होईल.

*

मी खालचं दार काढलं. जुन्या ओव्हनचं दार बिजागरीवरून उचलून घेता येतं. वजन सुमारे नऊ किलो. ब्लूमाबाई लगेच पुढे आल्या आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. त्र्याऐंशी वर्षांच्या, उंची माझ्या खांद्याएवढी, पण पकड घट्ट.

“सोडा, मी घेते,” मी म्हणाले.

“सोडा कशाला? बासष्ट साली हर्शेलने आणि मी हे आख्खं धूड आत सरकवलं होतं. मी सात महिन्यांची पोटुशी. तो म्हणाला, सोड. मी म्हटलं, सोडते, मग तुझ्या पायावर पडेल.” हर्शेल त्यांचे दिवंगत यजमान. दार जमिनीवरच्या चादरीवर ठेवून झाल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा ओट्याकडे गेल्या, फडकं उचललं, ठेवलं. “कॉफी घेशील? दूध घालू? की मी चुकीच्या कपात देईन अशी भीती वाटते?”

“काळी द्या.”

“शहाणी आहेस.”

त्यांनी कॉफी केली आणि साखर घालून ढवळली. चमचा डाव्या हातात होता. अकरा वर्षं मी त्यांच्या हातची कॉफी घेतली आहे आणि चमचा कुठल्या हातात असतो हे मला आज दिसलं.

मी दुसरी जाळी, स्टीलच्या तारेची, उजेडात धरली. पाच पीळ, डावीकडे. एक तार तापून सैल झाली, कोणी पुन्हा बांधली, असं होऊ शकतं. दोन ओव्हनमधल्या दोन तारा एकाच आठवड्यात सैल होणं कठीण. आणि जाळ्या मंगळवारपासून तापलेल्या नाहीत, म्हणून तांबं अजून काळं पडलेलं नाही. मी हिशोब करत होते तसं माझं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट हात कुठे ठेवावे ते कळेना. मी पक्कड उचलली, खाली ठेवली, पाना उचलला.

ब्लूमाबाई बघत होत्या.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“दाराच्या कडेची सीलची पट्टी चपटी झालीय. डाव्या कोपऱ्यात गरम हवा बाहेर जाते. दीड मिलिमीटरची फट आहे. म्हणून चढत नाही.”

“तेवढ्या फटीने पन्नास अंश जातात?”

“जातात.”

“हं.” त्या खुर्चीवर बसल्या आणि लगेच उठल्या. “एस्टीने तिच्याकडची खालची खोली रंगवून घेतलीय. सांगितलं तिने तुला?”

“नाही.”

“पिवळी. मी म्हटलं, पिवळी का? म्हणे, ममा, तुला उजेड आवडतो. दोन वर्षं झाली ती मागे लागलीय. वसंतात माझ्याकडून नळ चालू राहिला, तळघरात पाणी भरलं. मग ऑगस्टमध्ये मी डॉक्टरकडे एक दिवस आधी जाऊन बसले. प्रत्येक वेळी, ममा, घर विकू या. ममा, माझ्याकडे ये. शेवटी मी तिला तोडून टाकलं. म्हटलं, एस्टी, ज्या दिवशी माझ्या हातून दूध-मांस एक होईल ना, त्या दिवशी येईन तुझ्याकडे. तोवर विषय नको.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शेजारी पानं उडवतच होता, तोच ढीग इकडून तिकडे. “ती गप्प बसली. तिला ठाऊक होतं, असं कधी होणार नाही.”

मी ओव्हनमध्ये डोकं घातलं.

नवा हीटर मागच्या भिंतीला पत्र्याच्या एका चपट्या पट्टीने धरलेला असतो, दोन स्क्रू. चार नोव्हेंबरला मी ती पट्टी नवीन बसवली होती. ओव्हनचा तळ काल घरातल्यांनी घासला होता, व्यवस्थित, तारेच्या घासणीने; पट्टीखाली घासणी जात नाही. मी दोन्ही स्क्रू काढले आणि पट्टी उचलली. खाली शेवईचा एक तुकडा चिकटलेला होता. लांबी सुमारे दोन सेंटिमीटर, रंग गडद तपकिरी, भोवती करपलेल्या दुधाची पातळ साय. मी तो स्क्रू-ड्रायव्हरने सोडवला आणि नाकाजवळ नेला. दालचिनी.

ब्लूमाबाईंचं शेवयांचं कुगेल मी खाल्लेलं आहे. चीज, दालचिनी, वरून साखर. ते वरच्या ओव्हनमध्ये होतं.

मग सगळं सरळ मांडता येत होतं. पट्टी तीन आठवड्यांपूर्वीची. तुकडा त्यानंतरचा. जाळी तारेसकट जागेवरून हलली असती तरी वरच्या ओव्हनमधली शेवई खालच्या हीटरच्या मागे पडत नाही. कुगेल खाली भाजलं गेलं होतं, ते मांसाच्या जाळीवर ओघळलं होतं, आणि बुधवारनंतर कोणीतरी दोन्ही तारा सोडून एकमेकींच्या जागी बांधल्या होत्या, डाव्या हाताने.

मी तुकडा वहीच्या कोऱ्या पानावर ठेवला आणि वही टेबलावर ठेवली. उघडी.

त्या आल्या. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, चष्मा काढला. फडकं घेतलं. ओट्याकडे गेल्या. नळ सोडला, बंद केला, आणि बंद झालाय ना ते हात लावून बघितलं, दोनदा.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं.

“दहा चाळीस.”

“तू तुझं काम कर.”

*

दाराची नवी सीलची पट्टी मी गाडीत ठेवतेच. जुनी काढताना तिचे तुकडे पडले. नवी कोपऱ्यांत नीट बसली पाहिजे म्हणून मी तिचा प्रत्येक हूक हाताने दाबला, चौदा हूक. दार परत चढवलं. या वेळी ब्लूमाबाई मदतीला आल्या नाहीत. मी फटीत कागदाची पट्टी घालून ओढून बघितली, चारही बाजूंनी. कागद अडला.

मग विचारायलाच लागणार होतं ते विचारलं.

“जाळ्या कुठली कुठे ठेवू?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “तारेप्रमाणे ठेव.”

“तारेप्रमाणे ठेवली तर चीजवाली जाळी वर जाईल.”

“चीजची जाळी वरच जायला हवी.”

“बाई,” मी म्हणाले, “ती साठ वर्षं मांसाखाली होती.”

घड्याळाचा आवाज येत होता. त्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळतो. प्रत्येक वेळी तिसावर आला की थोडा थांबतो. मी अकरा वर्षं त्याबद्दल काही बोलले नाही, कारण ते माझं काम नाही.

“तापवल्यावर सगळं शुद्ध होतं,” त्या म्हणाल्या. “रब्बींनीच सांगितलंय. लोखंड काय, तांबं काय. तासाभराने दोन्ही जाळ्या नव्या. मग कुठली कुठे होती याने काय फरक पडतो?”

“जाळीला पडत नसेल.”

“मग कुणाला पडतो?”

मला भांडायचं नव्हतं. मला या बाईंनी या स्वयंपाकघरातून जावं असंही वाटत नव्हतं. आणि चाळीस घरांचा विचार डोक्यातून जात नव्हता.

“एस्टीने मला विचारलं नाही तर मी काही सांगणार नाही,” मी म्हणाले. “विचारलं तर खोटं सांगता येणार नाही मला. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

“येणार नाही!” त्या एकदम चिडल्या. “चांगली आहेस! तुला खोटं बोलता येणार नाही. मला येतं, नाही का? मी काय हौसेने बोलले? मंगळवारी दुपारी ते कुगेल केलं. श्टाइनर्सच्या सुनेला मुलगी झाली ना, तिच्यासाठी. डोक्यात तिच्या पहिल्या बाळंतपणातला ताप, दुसरीकडे फोन वाजतोय, आणि मी दार उघडलं आणि ठेवलं. भाजून झाल्यावर काढलं, पण तेव्हाही नाही कळलं. कळलं ते बुधवारी, एस्टी ओरडली तेव्हा. साठ वर्षं, विडा. डोळे मिटून माझे हात बरोबर दारापाशी गेलेत. मी हर्शेल गेला त्या आठवड्यातही चुकले नव्हते.”

त्या बोलता बोलता टेबलाभोवती फिरत होत्या. मी वाटेत होते म्हणून मी बाजूला झाले.

“आणि ते कुगेल?” मी विचारलं.

“काय कुगेल?”

“श्टाइनर्सकडे गेलं?”

त्या थांबल्या. तेवढा एकच प्रश्न होता की ज्याने त्या थांबल्या.

“मंगळवारी संध्याकाळीच गेलं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी खाल्लं. सूनबाईचा फोनही आला. फार छान झालं होतं म्हणे.”

मी जाळ्या हातात घेऊन उभी होते. मला वेळ जात असल्याची जाणीव होती, मिनिटामिनिटाची. जुन्या वायरिंगवर दोन्ही ओव्हन एकदम पूर्ण आचेवर लावता येत नाहीत, फ्यूज उडतो. आधी एक, मग दुसरा. दोघांना मिळून तीन तास लागणार.

“तारेप्रमाणे ठेव,” त्या हळूच म्हणाल्या. “सध्या.”

मी ठेवल्या. खालचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तापमापकाची तार दारातून आत सोडली. अकरा वाजून पाच मिनिटं.

*

ओव्हन तापताना धातूचे आवाज येतात. आधी तळ, मग बाजू. ब्लूमाबाई प्रत्येक आवाजाला वळून बघत होत्या. मी आकडे लिहीत होते. ३१०. ३९०. ४५५. तिथे काटा थोडा रेंगाळला. ४७०. ४९८. अकरा चाळीसला ५१२, मग ५२६. तिथे तो स्थिरावला.

“चढला?”

“चढला.”

“फटच होती तर.”

“फटच होती.”

त्यांनी बीन्स निवडायला घेतले, भिजलेले, फुगलेले. एकेक बीन बोटांत धरून बघत होत्या आणि परत त्याच भांड्यात टाकत होत्या. निवडलेले आणि न निवडलेले वेगळे होतच नव्हते. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी भांडं दूर सारलं.

“एस्टी काय लिहिणार आहे?” त्यांनी विचारलं.

“माझ्या हातून जाळ्यांची अदलाबदल झाली. सगळ्यांनी तपासून घ्या.”

“किती बायका आहेत त्या ग्रुपमध्ये?”

“मला काय ठाऊक? मी त्यात नाही.”

“दोनशे तरी असतील,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “तू दुसरीकडे काम शोधशील. तुला येतं सगळं.”

“शोधीन.”

“ओव्हन सगळ्यांकडे असतात.”

“असतात.”

“अशी हो ला हो करू नकोस!” त्यांनी टेबलावर हात आपटला. बीन्स उडाले. “मला शिव्या दे. म्हण, ब्लूमा, तू म्हातारी आणि खोटारडी आहेस.”

“तुम्ही चोलंटला बटाटे सोलले नाहीत अजून.”

त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या, मग हसल्या, मोठ्याने नाही, नाकातून. आणि खरंच बटाटे घेऊन बसल्या. साली पातळ, सलग, एकही तुटलेली नाही. डाव्या हातात सुरी. मी बघत बसले. या हातांना काही झालेलं नव्हतं. जे काही झालं होतं ते अर्ध्या सेकंदाचं होतं, दोन दारांच्या मध्ये, आणि ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

बारा चाळीसला खालचा झाला. मी बटण बंद केलं आणि वरच्याचं फिरवलं.

वरच्या ओव्हनची काही चूक नव्हती. त्याच्यात मांस कधी गेलंच नव्हतं. आता मात्र मांसाची जाळी तांब्याच्या तारेसकट आत होती आणि तिच्यासाठी तो तापत होता. हे त्या स्वयंपाकघरात दोघींना माहीत होतं आणि दोघी त्याच्यासमोर उभ्या होत्या. मला आयुष्यात इतकं निरर्थक मोजमाप कधी घ्यावं लागलं नव्हतं. तरी मी लिहिलं. २९५. ३६०.

“पुरे झालं,” ब्लूमाबाई म्हणाल्या. मला वाटलं ओव्हनबद्दल बोलत आहेत.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

*

एस्टी दोन पिशव्या घेऊन आत आली, थंड हवा आणि माशांचा वास घेऊन. पिशव्या तिने माशांच्या वेगळ्या ओट्यावर ठेवल्या, सवयीने, न बघता.

“चढला?” तिने विचारलं.

“खालचा झाला. पाचशे सव्वीस. वरचा सव्वादोनपर्यंत होईल. चोलंट अडीचला ठेवता येईल.”

“देवाची कृपा.” ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच तिने कोट काढला. खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला, मग उचलला. “गाडीत बसून लिहिलं मी. पाठवलं नाही अजून. पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलं. तुझं नाव न घेता लिहावं म्हटलं तर सगळ्यांना कळणारच की कोण ते.” तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते. ती दोन रात्री झोपली नसावी. “विडा, मला एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. मग पाठवते. तुझ्या हातून जाळ्या बदलल्या गेल्या का?”

माझी वही टेबलावरच होती. मी ती मघाशीच मिटून ठेवली होती. शेवईचा तुकडा आत होता. मी वहीवर हात ठेवला. ‘नाही’ म्हणायला एक श्वास लागतो. तो मी घेतला.

“एस्टी, फोन खाली ठेव,” ब्लूमाबाई म्हणाल्या.

“ममा, एक मिनिट.”

“खाली ठेव म्हणते ना.”

एस्टीने ठेवला.

ब्लूमाबाई उठून ओव्हनपाशी गेल्या. वरच्या ओव्हनच्या काचेतून त्यांनी आत बघितलं, जसं आत काही भाजत ठेवलंय. मग त्या वळल्या आणि हात एप्रनला पुसले. हात कोरडेच होते.

“तारा मी बदलल्या. काल पहाटे. तू यायच्या आधी.”

“कसल्या तारा?”

“जाळ्यांच्या. विडाने सगळं बरोबर ठेवलं होतं. चीज माझं. मंगळवारचं कुगेल मी खाली भाजलं.”

शेजारचं यंत्र केव्हाच बंद झालं होतं. फक्त ओव्हनचा धातू टिक टिक वाजत होता.

“तू भाजलंस,” ती शेवटी म्हणाली.

“मीच. आणि ते श्टाइनर्सनी खाल्लं. बाळंतिणीला मी शंकेचं अन्न खायला घातलं आणि तीन दिवस गप्प बसले. त्यांना कळलं पाहिजे, त्यांची भांडी आहेत, ताटं आहेत. आधी रब्बींना फोन लाव, मीच बोलते. तू नको बोलूस, तू रडशील.” त्यांनी माझ्याकडे हात केला, न बघता. “आणि या मुलीवर मी आळ घेतला. दोनशे बायकांसमोर जाणार होता तो. चीज ओव्हनमध्ये तापवून जातं, एस्टी. हे जात नाही.”

“ममा, का पण? मला सांगितलं असतंस तर...”

“तर तू पिवळी खोली दाखवायला घेऊन गेली असतीस.”

“मी तसं...” एस्टी थांबली. ती तसं करणार होती, आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती उठली आणि आईकडे गेली, पण हात लावायचा की नाही हे तिला कळेना, म्हणून ती नुसती तिच्यासमोर उभी राहिली. “मी तुला काही म्हणणार नाही. तू म्हणशील तोवर इथे राहा. त्या दिवशी तू रागात बोललीस, मी ते मनावर घेतलेलं नाही.”

“मी घेतलंय,” ब्लूमाबाई म्हणाल्या.

मी तापमापकाकडे बघितलं. ५०४. मी बटणाकडे हात नेला. वरच्याला आता तापवायची गरज उरली होती की नाही हे मला ठरवता येईना. जाळी तर आत होती. मी हात मागे घेतला.

ब्लूमाबाईंनी ते बघितलं. “राहू दे चालू,” त्या मला म्हणाल्या. “झालं की थंड होऊ दे, आणि मग तारा तू पुन्हा बांध. तुझ्या पद्धतीने. जी जिथली तिथे. जो कोणी हे घर घेईल त्याला कळो न कळो.”

“ममा?” एस्टी म्हणाली.

त्या दोन्ही ओव्हनच्या मध्ये, दोन दारांना जोडणाऱ्या त्या चार बोटांच्या पट्टीवर हात टेकून उभ्या होत्या. पट्टी गरम असणार. त्यांनी हात काढला नाही.

“घर विकायला काढ, एस्टी,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्याकडे येते.”